आमच्या गावाला लागून 65 घरं येणार: पॅरिश कौन्सिलनं पत्रात काय लिहावं?

ओढ्याकाठची | 3 मार्च 2025

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, कारण थोडक्यात सांगितलं तर प्रश्नच कळणार नाही. इंग्लंडमध्ये प्लॅनिंगच्या (म्हणजे बांधकामाच्या परवानग्यांच्या) कामात असलेलं किंवा पॅरिश कौन्सिलवर बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

आम्ही सफोक काउंटीतल्या एका खेड्यात अकरा वर्षं राहतो. सव्वाचारशे उंबरा, एक शाळा, एक चर्च, एक पब आणि आठवड्यातून तीन दिवस उघडणारं पोस्टाचं दुकान. मी केअरर आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची अंघोळ, औषधं, जेवण बघते. मागच्या वर्षी पॅरिश कौन्सिलवर एक जागा रिकामी होती, कुणी पुढे येईना, तेव्हा मला को-ऑप्ट केलं, म्हणजे निवडणुकीशिवाय सदस्य करून घेतलं. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं आणि कायम राहण्याची परवानगी असेल तर कौन्सिलवरही बसता येतं. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून सांगितलं.

'पॅरिश' म्हटलं की चर्च डोळ्यापुढे येतं, पण ही कौन्सिल चर्चची नाही. 1894 च्या कायद्यानं गावाचा कारभार चर्चपासून वेगळा केला. आपली ग्रामपंचायत समजा, फक्त अधिकार फारच कमी. बाकडी, खेळाचं मैदान, दफनभूमीची देखभाल आणि प्लॅनिंगवर मत. मतच, निर्णय जिल्हा कौन्सिलचा.

तर झालंय असं. शाळेच्या मागे जे मोठं शेत आहे (बीट आणि गहू आलटूनपालटून घेतात) त्यावर एका डेव्हलपरनं 65 घरांपर्यंतची आउटलाइन परवानगी (म्हणजे तत्त्वतः मंजुरी, तपशील नंतर) मागितली आहे. त्यातली 35 टक्के 'अफोर्डेबल' असं कागदावर आहे. आमच्या गावानं चार वर्षं खपून नेबरहुड प्लॅन (गावात कुठे काय बांधायचं याचा आराखडा) केला होता, 2019 मध्ये त्यावर गावात मतदान होऊन तो मंजूर झाला. त्यात व्हिलेज हॉलशेजारच्या जागेवर 24 घरं धरली होती. तिथे आजवर एक वीट पडलेली नाही. आणि हे शेत त्या प्लॅनमध्ये नाहीच.

गेल्या मंगळवारी हॉलमध्ये जाहीर सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. अठरा जण बोलले. सोळा विरोधात. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, शाळेच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, गावाचं गावपण जाईल. यातलं बरंचसं खरं आहे, आणि मीही विरोधातच बोलायला गेले होते. त्याचं कारण पाणी.

20 ऑक्टोबर 2023. बाबेट वादळाचा शुक्रवार. सफोकमध्ये असलेल्यांना तो दिवस आठवत असेल. आमची जमीन चिकणमातीची, पाणी मुरतच नाही, वरून नुसतं घसरतं. ते शेत उताराला आहे आणि त्याचं सगळं पाणी आमच्या परसामागच्या ओढ्यात येतं. ओढा म्हणजे काय, उन्हाळ्यात उडी मारून ओलांडावा एवढा चर. तो पुढे गल्लीखालून एका पाइपातून जातो. त्या दिवशी दुपारी पाइपाच्या तोंडाशी पाणी आधी गोल फिरायला लागलं, मग फुगलं, मग गल्ली ओलांडून समोरच्या चार घरांत शिरलं. रंग अगदी दुधाच्या चहासारखा. मी गुडघ्याएवढे बूट घालून समोरच्या आजींना उचलायला गेले तेव्हा गल्लीतलं मॅनहोलचं झाकण वर उचललं गेलं होतं आणि त्यातून गटाराचं पाणी येत होतं. त्या आजी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर घेतलेले, मांडीवर नवऱ्याचा फोटो. त्यांच्या दाराच्या विटांवर पाण्याची रेघ अजून आहे. त्या सात महिने दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे राहिल्या. आता त्या शेतावर छपरं आणि डांबर आलं तर?

हे बोलायला मी उठणार, तेवढ्यात मागे कोट टांगायच्या खुंट्यांपाशी एक मुलगा उभा दिसला. सत्तावीस वर्षांचा, इथलाच, ट्रॅक्टर चालवतो. (नावं, खुणा मी मुद्दाम गाळल्या आहेत.) गेले तीन हिवाळे तो शेतमालकाच्या कोठारामागे कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. सभेभर तो एक शब्द बोलला नाही. मग मला आठवायला लागलं की कोण कोण आलेलंच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी, ज्या गावातल्याच म्हाताऱ्यांना सांभाळायला पंचवीस मिनिटं गाडी चालवून येतात, कारण इथे भाडं परवडत नाही. चार खोल्यांच्या घरात एकटे राहणारे एक आजोबा, ज्यांना जिना चढवत नाही आणि गावात छोटं, जिना नसलेलं एक मजली घर मिळालं तर उद्या सामान बांधतील. शाळेत आता अठ्ठेचाळीस मुलं उरली आहेत, त्यांचे आईवडील त्या वेळी मुलांना झोपवत असणार.

माझे वडील सातारा जिल्ह्यात आमच्या गावी ग्रामपंचायतीवर होते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जायची. यादीत ज्यांची नावं असायची ती माणसं देवळाच्या पायरीशी, सगळ्यात मागे उभी. वडील घरी येऊन म्हणायचे, ज्यांच्याबद्दल सभा होती ते सोडून सगळे बोलले. मंगळवारी हॉलमध्ये मला तेच वाक्य ऐकू येत होतं. मी बोललेच नाही, बसून राहिले.

आता आमच्या चेअरमनना दोन ओळींचं पत्र पाठवायचं आहे: गावाचा तीव्र विरोध आहे. पत्राला 21 मार्चपर्यंत मुदत आहे, आमची बैठक 18 ला. मला वाटतं, गावाला घरं हवीत, पण ही अशी नकोत, आणि ओढ्याचं आधी बघा, असं म्हणावं. चेअरमन म्हणतात, तू 'घरं हवीत' असं लिहिलंस की डेव्हलपर तेवढंच वाक्य उचलणार. हे खरं आहे का? आमच्या नेबरहुड प्लॅनला आता काही किंमत आहे का? आणि जे बोलले नाहीत त्यांचं म्हणणं पत्रात यावं तर ते गोळा कसं करायचं?

---

मिनिटबुक | 3 मार्च 2025

ताई, मी दोन छोट्या पॅरिश कौन्सिलांची क्लार्क, म्हणजे कारभार बघणारी सचिव आहे. बाकीचं जाणकार सांगतीलच, मी आधी एक गोष्ट सांगते, कारण ती राहिली तर सगळ्यावर पाणी पडेल.

तुम्ही लिहिलंय, शेताचं पाणी 'आमच्या परसामागच्या ओढ्यात' येतं. म्हणजे तुमचं घर त्या शेताला लागून आहे. घर तुमच्या मालकीचं असेल तर या विषयात तुमचं हितसंबंधाचं नातं आहे. बैठकीच्या आधी क्लार्कला लेखी कळवा आणि जिल्ह्याच्या मॉनिटरिंग ऑफिसरचा (सदस्यांच्या आचारसंहितेचं बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) सल्ला घ्या. बहुधा मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जावं लागेल. सर्वसाधारण नागरिकांना बोलायला जी वेळ असते त्यात बोलता येईल का, हे तुमच्या कौन्सिलच्या आचारसंहितेवर आहे, तेही विचारून घ्या. रहिवासी म्हणून स्वतःच्या नावानं वेगळं पत्र तर तुम्ही पाठवूच शकता.

आणि ज्यांनी सभेत आधीच ठाम मत बोलून दाखवलं ते सदस्य बाद होतात असं कुणी म्हणालं तर ते तसं नाही. 2011 च्या लोकलिझम अॅक्टनं तेवढी मोकळीक दिली आहे. मत असायला हरकत नाही, पण बैठकीत समोर येईल ते ऐकून बदलायची तयारी हवी.

आणखी एक. ओढा तुमच्या हद्दीला लागून असेल तर तो मोकळा ठेवायची जबाबदारी काठच्या मालकांवर असते. म्हणजे थोडी तुमच्यावरही. तेव्हा पत्रात 'ओढा कुणी साफ करत नाही' असं लिहिण्यापूर्वी आपली बाजू बघून घ्या.

---

नकाशेवाला | 4 मार्च 2025

मी पुण्यात शिकलो आणि गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये प्लॅनिंगमध्ये आहे. आधी एका जिल्हा कौन्सिलमध्ये होतो, आता सल्लागार आहे. माझ्या टेबलावर पॅरिशची शेकडो पत्रं आली असतील. तुमच्या चेअरमनसाहेबांचं दोन ओळींचं पत्र मी केस ऑफिसर (अर्ज तपासणारा जिल्ह्याचा अधिकारी) म्हणून वाचलं असतं तर अहवालात एकच ओळ लिहिली असती: पॅरिश कौन्सिलचा विरोध. पुढे त्याचं काहीच करता येत नाही, कारण त्यात धरायला काही नाही.

तुमच्या प्लॅनबद्दल आधी, कारण ते दुखणारं आहे. नेबरहुड प्लॅन हा जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा भाग असतो आणि निर्णय त्या आराखड्यानुसार घ्यायचा असतो. ते आजही खरं आहे, प्लॅन रद्द झालेला नाही. पण जिल्ह्याकडे पुढच्या पाच वर्षांच्या घरांपुरती जमीन दाखवता येत नसेल तर तराजू परवानगीच्या बाजूला झुकतो. अशा वेळी नेबरहुड प्लॅनला जी जादा ढाल मिळते ती प्लॅन पाच वर्षांच्या आतला असेल तरच. तुमचा 2019 चा. ढाल गेली. त्यात डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय धोरण बदललं. सरकारला या संसदेच्या काळात 15 लाख घरं हवी आहेत, नवा हिशेब वर्षाला सुमारे 3,70,000 घरांचा आहे, आणि प्रत्येक जिल्ह्याला आकडा वाटून दिला आहे. ग्रामीण जिल्ह्यांपैकी पुष्कळांचा आकडा वाढला. तेव्हा 'पाच वर्षांच्या जमिनीचा हिशेब आज काय आहे' हा प्रश्न केस ऑफिसरला आजच ईमेलनं विचारा. तुमचं पत्र किती जोरात लिहायचं ते त्या उत्तरावर ठरेल.

आता मूळ मुद्दा. 'घरं हवीत' लिहिलं तर डेव्हलपर ते वाक्य उचलेल का? उचलेल. उचलू द्या. त्यानं उचललं की पुढचं वाक्यही त्याला वाचावं लागतं. जिल्ह्यानं नाकारलं तर तो अपिलात जाईल, सरकारचा प्लॅनिंग इन्स्पेक्टर येईल, आणि इन्स्पेक्टरला गाव नुसतं 'नको' म्हणतंय की नेमकं सांगतंय, यात फार फरक दिसतो. खिडकीतून दिसणारा देखावा, घराची किंमत उतरणं, यांना कायद्यानं किंमत नाही, ते पत्रात एका शब्दानंही आणू नका. रस्ता, पाणी, गटार, शाळा, कुठल्या प्रकारची घरं, याला किंमत आहे.

पाण्याचं नीट समजून घ्या, कारण तुमचा खरा मुद्दा तोच आहे. पावसाचं पाणी आणि गटाराचं पाणी, दोन्ही वेगळी खाती. पावसाच्या पाण्यावर काउंटी कौन्सिलचं पूरखातं अधिकृत सल्ला देतं, दहा किंवा जास्त घरांच्या प्रत्येक अर्जावर त्यांना विचारावंच लागतं. गटाराच्या कंपनीला तसं विचारणं बंधनकारक नाही, आणि नव्या घरांना त्या गटाराला जोडून घ्यायचा हक्क कायद्यानंच दिला आहे. म्हणून मॅनहोलचं झाकण उचललं गेलं हे तुम्ही सांगितलं नाही तर कुणीही सांगणार नाही. पत्रात अशी अट मागा की गटाराची आणि गल्लीखालच्या पाइपाची सुधारणा पुरी झाल्याशिवाय एकाही घरात माणूस राहायला जाणार नाही. आमच्या धंद्यात तिला ग्रॅम्पियन अट म्हणतात, डेव्हलपरच्या जमिनीबाहेरच्या कामासाठीच ती असते. एन्व्हायरन्मेंट एजन्सीनं जानेवारीत पावसाच्या पाण्याच्या पुराचे नवे नकाशे काढलेत. डेव्हलपरचा अहवाल जुन्या नकाशांवर केलेला असेल तर तेवढ्यावरही बोट ठेवा.

घरांचं. 'अफोर्डेबल' हा शब्द ऐकून थांबू नका. अफोर्डेबल रेंट म्हणजे बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत भाडं. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या मुलाला ते परवडेलच असं नाही. सोशल रेंट त्याहून खाली असतं, ते नाव घेऊन मागा. गावाशी नातं असलेल्यांना आधी, ही अट सेक्शन 106 च्या करारात (परवानगीबरोबर कौन्सिल आणि डेव्हलपर करतात त्या) घालता येते. एक मजली घरं किती, तेही आकड्यात मागा. आउटलाइनमध्ये सहसा फक्त रस्ता कुठून निघणार एवढंच पक्कं होतं आणि बाकी सगळं नंतर. त्यामुळे जे बांधून घ्यायचं ते याच टप्प्यात.

गरज किती आहे हे दाखवायला नवा सर्व्हे करायला महिने लागतील, तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. जिल्ह्याच्या घर-नोंदणीत तुमच्या गावाशी नातं असलेली किती कुटुंबं आहेत, नुसता आकडा मागा, देतात. आणि मुदत आठवडाभर वाढवून मागा. नम्रपणे मागितली तर बहुतेक जण देतात, मी देत असे.

पैशाचं शेवटी सांगतो, पहिल्या पानावर लिहू नका. तुमच्या जिल्ह्यात सीआयएल ही लेव्ही (नव्या बांधकामावरची आकारणी) असेल तर नेबरहुड प्लॅन असलेल्या पॅरिशला त्यातला 25 टक्के वाटा मिळतो, नसलेल्याला 15. तुमचा जुना प्लॅन इथे मात्र कामाला येतो. अफोर्डेबल घरांवर ती लेव्ही पडत नाही, तेव्हा हिशेब 65 चा करू नका.

---

भाड्याचं_घर | 4 मार्च 2025

मी इप्सविचमध्ये एका खोलीत राहतो, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. तुमच्यासारख्याच एका गावात कोंबड्यांच्या शेडवर काम करतो. गावात घर मिळालं असतं तर मुलगी त्या शाळेत गेली असती, ज्या शाळेला मुलं कमी पडतायत.

एकच विनंती. पत्रात 'गावाचं गावपण' असं लिहू नका. मी पहाटे साडेपाचला तिथे पोचतो आणि अंधार पडल्यावर निघतो, पण त्या शब्दात मी येत नाही. ओढा, पाइप, गल्ली, शाळा असं लिहा. त्यात मी येतो.

---

बावखल | 6 मार्च 2025

ताई, मी वसईचा, पश्चिम पट्ट्यातल्या एका गावचा. आमच्याकडे पॅरिश म्हणजे धर्मग्राम, आणि तो चर्चचाच. पण जमिनीचा, पाण्याचा विषय निघाला की आमच्या गावातही लोक आधी जमतात ते चर्चच्या अंगणातच, म्हणून तुमचं लिखाण दोनदा वाचलं.

3 जुलै 2009 ला चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं महापालिकेत गेली की ग्रामपंचायत जाते, आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. 29 गावं बाहेर काढावीत म्हणून केवढी आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले. तुमच्याकडे निदान 'मत' मागतात आणि ते मांडायला तारीख देतात. ती तारीख सोडू नका.

मला पाण्याबद्दल सांगायचंय. आमच्या वाड्यांमध्ये बावखलं असतात, म्हणजे गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी आधी त्यात उतरायचं, वर्षभर केळीला, फुलांना, भाजीला पुरायचं. घरं वाढली तशी कितीतरी बुजवली. भराव घालताना प्रत्येक जण म्हणायचा, एवढ्याशा खड्ड्यानं काय होतंय. जुलै 2018 मध्ये पाणी भरलं ते दिवसचे दिवस उतरेना. माझी आजी तेव्हा ओटीवर बसून बोट दाखवून सांगत होती, पाणी पूर्वी इथून असं जायचं, मग त्या चिंचेखालून, मग खाडीला. सगळं तोंडी. कुठल्या नकाशात काहीच नाही. नंतर आम्ही कागद शोधायला गेलो तेव्हा हातात तिच्या आठवणीशिवाय काही नव्हतं, आणि आता तीही नाही.

तेव्हा तुमच्या त्या समोरच्या आजींकडे जा. पाणी कुठून आलं, किती वाजता, किती वर, ते त्यांच्याकडून ऐकून तारखेसकट लिहून घ्या, त्यांची सही घ्या. विटेवरच्या रेघेपाशी टेप लावून फोटो काढा. आणि त्या पाइपाचं तोंड स्वतः मोजा. अहवालात लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

---

ओढ्याकाठची | 23 मार्च 2025

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मिनिटबुक, तुमचं बरोबर होतं. मॉनिटरिंग ऑफिसरनं लेखी कळवलं की मी चर्चेत आणि मतदानात नको, पण सुरुवातीच्या नागरिकांच्या वेळेत तीन मिनिटं बोलू शकते. आधी फार वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी मी कौन्सिलवर आले असं मला वाटत होतं, तिथेच बाहेर. पण नियम चांगला आहे. शेतमालकाचे चुलतभाऊ आमच्या कौन्सिलवर आहेत, तेही उठून बाहेर गेले. मला बसू दिलं असतं तर त्यांनाही बसू द्यावं लागलं असतं.

केस ऑफिसरनं आठवडाभर मुदत वाढवून दिली, 28 मार्चपर्यंत. जिल्ह्याकडे पाच वर्षांचा हिशेब सध्या पुरा होत नाही, असंही सरळ सांगितलं. तो ईमेल क्लार्कनं सगळ्या सदस्यांना पाठवला आणि त्या दिवसापासून चेअरमनचा सूर बदलला. नुसतं 'नको' म्हणून हे थांबणार नाही, हे त्यांना माझ्या बोलण्यानं नाही, त्या चार ओळींनी पटलं.

न बोललेल्यांसाठी आम्ही असं केलं: अर्ध्या पानावर चार प्रश्न छापले. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी येत्या पाच वर्षांत गावात दुसरं घर शोधणार आहे का? कसलं घर? महिन्याला किती परवडेल? 2023 च्या पुरात तुमच्याकडे पाणी आलं का, कुठवर? नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. पोस्टाच्या दुकानात, शाळेच्या फाटकाशी, पबमध्ये आणि दोन शेतांच्या शेडमध्ये खोकी ठेवली. खोकी क्लार्कनं उघडली, मी हातही लावला नाही. आठ दिवसांत 143 कागद आले. 31 जणांनी लिहिलं की घर शोधतोय किंवा मुलासाठी, आईसाठी शोधतोय. सर्वांत जास्त मागणी दोन खोल्यांच्या घराला. एका कागदावर पेन्सिलनं, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: एक मजली हवं, बाग नको, खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे, माणसं जाताना दिसतात. क्लार्कनं तेवढं बैठकीत वाचून दाखवलं. नाव नव्हतं. अक्षर कुणाचं ते मला कळलं, पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

जिल्ह्याच्या नोंदणीत आमच्या गावाशी नातं असलेली 11 कुटुंबं आहेत.

बावखल, तुमच्या आजींची गोष्ट वाचून मी त्याच संध्याकाळी समोरच्या आजींकडे गेले. त्यांनी वेळेसकट सांगितलं, कारण तेव्हा रेडिओवर तीनच्या बातम्या लागल्या होत्या आणि पाणी गालिच्याच्या कडेला आलं होतं. चार वाजता स्टुलाच्या पहिल्या दांडीला. त्यांनी सही केली. शिवाय त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी शाळेमागे तळं होतं, त्यावर हिवाळ्यात मुलं घसरायची, साठच्या दशकात ते भरून शेतात घेतलं. मी जुना ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथल्या सरकारी नकाशाखात्याचा) नकाशा काढून पाहिला. तळं आहे. अगदी जिथे डेव्हलपरच्या आराखड्यात घरांची दुसरी ओळ आहे तिथे.

शनिवारी सकाळी मी आणि शेजारी पाइप मोजायला उतरलो. हे शेजारी सभेत सगळ्यात कडक विरोधात बोललेले, आणि खुंट्यांपाशी उभ्या असलेल्या मुलाचे सख्खे काका. ब्रॅम्बलच्या काटेरी झुडपाला हात लावला नाही, पाखरांचे घरट्यांचे दिवस सुरू झालेत. फक्त गाळ काढला. डेव्हलपरच्या पूर-अहवालात लिहिलंय, पाइपाचा व्यास 450 मिलिमीटर. गाळ काढून टेप लावला तर आमच्या बाजूला तोंड 450 चंच आहे, पण गल्लीच्या पलीकडे पाणी बाहेर पडतं तिथे 300. मध्येच कुठेतरी कधीतरी कुणीतरी अरुंद पाइप जोडलाय. काकांनी टेप धरला, मी फोटो काढला. ते बराच वेळ चिखलात तसेच उभे राहिले. मग म्हणाले, कॅरॅव्हॅनमध्ये यंदा पाइपातलं पाणी दोनदा गोठलं. तेवढंच बोलले.

मी तीन मिनिटांत आजींची साक्ष आणि हा फोटो एवढंच मांडलं आणि बाहेर हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खिडकी बंद होती, काही ऐकू आलं नाही. पाच जणांनी मत दिलं, चार विरुद्ध एक. पत्राचा मसुदा असा ठरला: या स्वरूपातल्या अर्जाला विरोध, कारण पाइप, गटार आणि गल्ली. गावाला घरं हवीत हे पहिल्याच परिच्छेदात, 143 कागदांचे आकडे देऊन. प्लॅनमधली हॉलशेजारची जागा आधी. या शेतावर परवानगी द्यायचीच झाली तर सोशल रेंट, गावाशी नातं असलेल्यांना आधी, निदान आठ एक मजली घरं, तळ्याची जागा मोकळी आणि पाइप-गटाराचं काम पुरं होईपर्यंत एकाही घराला किल्ली नाही. भाड्याचं_घर, 'गावाचं गावपण' हे शब्द त्यात नाहीत. गावाशी नातं म्हणजे गावात राहणाऱ्यांबरोबर गावात काम करणारेही, असं एक वाक्य घालून घेतलंय.

नकाशेवाला, आता तुम्हाला दोन प्रश्न. 300 च्या पाइपाचा फोटो पॅरिशच्या पत्राबरोबरच जावा, की मी रहिवासी म्हणून काउंटीच्या पूरखात्याला अर्जाच्या क्रमांकासह वेगळा पाठवू? आणि 'निदान आठ' या आकड्याला आमच्याकडे त्या कागदांशिवाय आधार नाही. शेवटचा हात शुक्रवारी सकाळी फिरवायचा आहे.